यांची उघडी, माझी मोरपंखी

१६ नोव्हेंबर, रविवार

आणली! खरंच घेऊन आले! टेम्पोवर चढवून, दोरखंडाने आवळून — आणि हे स्वतः टेम्पोत मागे उभे, गाडीला दोन्ही हातांनी धरून. रिटायर झालेला माणूस! भंडाऱ्याच्या भर बाजारातून असे उभ्याने आले. मी दारात होते. हसावं की डोक्याला हात लावावा, कळेना.

गाडीला छप्पर नाही. म्हणजे आहे, पण कापडाचं, फाटकं, मागे घडी घालून ठेवलेलं. रंग एकेकाळी लाल असावा. मद्रासला बनायच्या म्हणे अशा, आमच्या जन्माच्या आधी. शेजारचे कवडूभाऊ ऑटो चालवतात. ते गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "वहिनी, याच्यात पाणी आलं तं छत्री धराची का?" हे टेम्पोतून ओरडले, "तू धरशील ना बे!" आणि हसले. मोठ्यांदा.

खरं तर तेवढंच लिहायला वही काढली. हसले! मे महिन्यात एसटीतून रिटायर झाले, तेव्हापासून खुर्ची, फाटक आणि 'हूं'. जेवता का — हूं. भाजी कशी झाली — हूं. जन्मभर बस चालवलेला माणूस, स्टिअरिंग सुटलं तशी जीभच गेली. सप्टेंबरमध्ये माझी बस चुकली म्हणून स्कूटरवर आंधळगावला शाळेत सोडायला आले, आणि शाळेसमोरच्या राइस मिलच्या शेडमध्ये ही दिसली. आत कोंबड्या बसल्या होत्या. मिलवाल्यांची पोरं नागपूरला, कुणालाच नको होती. त्या दिवसापासून हे काही ना काही कारण काढून आंधळगावच्या चकरा मारत होते. मला वाटलं, माझ्यासाठी येतात!

मला विचारलं का? नाही. राग आहेच. पण हसले!

१७ नोव्हेंबर

सीटखालून कोंबड्यांची पिसं निघाली. अजून निघून राहिली.

१९ नोव्हेंबर

आता माझं. हे फक्त इथेच.

घरी सांगते — शाळेत जादा तास. जाते खुशबूच्या ड्रायव्हिंग क्लासला. खुशबू आमच्या लेकीच्या, रुचिताच्या वयाची, पण शिकवताना माझीच मास्तरीण. "सत्यभामा मॅडम, क्लच प्रेमानं सोडा — पोरीले सासरी पाठवल्यावानी!" पहिल्या दिवशी मी पोरीला सासरी पाठवलं नाही, ढकलून दिलं. गाडी उडी मारून बंद. आता सुटतो. लोण्यासारखा सुटतो.

आणि दुसरं — मी गाडी बुक केली आहे! छोटीशीच. मागचा दरवाजा वर उचलला की झाली डिकी. रंग मोरपंखी. परवाला पोरांना रंगांची नावं शिकवताना मोरपंखी आला, तर फळ्याकडे तोंड करून हसत बसले.

यांना का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर म्हणाले असते, "बस आहे ना." किंवा त्याहून वाईट — "मी शिकवतो." एसटीच्या ड्रायव्हरकडून शिकायचं आणि संसारही टिकवायचा? नको!

२१ नोव्हेंबर

पास!!! आठचा आकडा काढला, मागे घेतली, चढावर थांबवून पुन्हा उचलली. आरटीओचे साहेब म्हणाले, जा. मी विचारलं, कुठे? "घरी जा मॅडम, झालं तुमचं!" खुशबूने मला तिथेच मिठी मारली. घरी येताना बालूशाही आणली. हे म्हणाले, कायची? मी म्हटलं, सहजच.

२३ नोव्हेंबर, रविवार

चालू झाली यांची!

मोर आळीच्या मिस्त्रीला सोबत घेऊन आठवडाभर तिच्या पोटात हात घालून होते. तिचं बोनेट नेहमीसारखं उघडत नाही. अख्खं नाकच पुढे पडतं, चाकांसकट सगळं उघडं! मगरीने जांभई दिल्यासारखं. आज चोक ओढला, बटण दाबलं — खोकली. पुन्हा — खोकली. कवडूभाऊ आणि गल्लीतल्या चार जणांनी ढकलली, तेव्हा एकदम धुराचा लोट आणि मग तो आवाज! शिवणयंत्र आणि मोटरसायकल यांच्या मधला काहीतरी. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मीसुद्धा. हातात लाटणं होतं, तसंच.

हे आत बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि डोळे ओले. धुराने, म्हणे.

आणि काय वळते! आमच्या एवढ्याशा गल्लीत एका दमात फिरवून दाखवली. जागच्या जागी, भोवऱ्यासारखी. "दाखव अशी कोणती नवीन गाडी!" म्हणाले.

मी लाटणं घेऊन आत गेले. माझी पुढल्या रविवारी येते.

२७ नोव्हेंबर

कळलं. शोरूमवाल्यांचा फोन मी आंघोळीला असताना यांनी घेतला. "मॅडमची गाडी तयार आहे."

बाहेर आले तर हे फोन हातात धरून उभे. "तू गाडी घेतली?" हो. "चालवते कोण?" मी. "कवा शिकली?" पावसाळ्यापासून. 

फोन टेबलावर ठेवला. मग — "मले विचारलं नाही."

मी अंगणातल्या लाल गाडीकडे बोट दाखवलं. "तुम्ही मले विचारलं होतं?"

वाईट चेहरा झाला यांचा. खुर्चीवर जाऊन बसले. त्याच खुर्चीवर.

३० नोव्हेंबर

माझी मोरपंखी! शोरूमपासून घरापर्यंत मी चालवली, खुशबू फक्त शेजारी बसली. हार घातलेली, कुंकू-बिंकू काही नको म्हटलं, नुसता हार. सिग्नलला बाजूच्या ऑटोतून कवडूभाऊंनी पाहिलं आणि ते पुढे जायचंच विसरले!

हे फाटकात. राहवतंय कुठे! टायर दाबून पाहिलं. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. "पत्रा पातळ आहे." आत बसले. चावी फिरवली तशी ती पट्ट्यासाठी टुंग-टुंग करायला लागली. हे इकडेतिकडे बघतात. "काय झालं इले?" पट्टा लावा म्हणते. "मले शिकवते? मले?"

लावला मात्र. मी तोंड वळवून हसले.

४ डिसेंबर

आमच्याकडे सध्या दुसरा विषय नाही. रोज सकाळी चहाला सुरुवात. यांच्या गाडीत बसलं की कळतं आपण गाडीत बसलो. माझ्या गाडीत बसलं की बँकेत बसल्यासारखं वाटतं — असं हे म्हणतात. मी म्हणते, बँकेत गारवा असतो, धूळ नसते आणि ऊठसूट ढकलावं लागत नाही. माझी पहिल्या फटक्यात सुरू होते. यांची सुरू व्हायच्या आत दुसरा चहा होतो. पण यांची गाडी बघायला रोज कुणीतरी येतं. माझी बघायला फक्त भावना आली, माझी बहीण, तीसुद्धा व्हिडिओ कॉलवर.

भांडण नाही हं हे. बोलणं आहे! वाक्यच्या वाक्यं बोलतात!

७ डिसेंबर, रविवार

कुणाला सांगायचं नाही. यांना तर नाहीच.

आज यांनी मला फिरवलं. नवीन छप्पर शिवून आणलंय, ते मुद्दाम खाली पाडलं. मी शाल, स्कार्फ, वरून यांचा जुना खाकी स्वेटर. वैनगंगेच्या पुलावर गेलो. आणि काय सांगू! माझ्या गाडीतून नदी दिसते — काचेत, चित्रासारखी. यांच्या गाडीतून नदी अंगावर येते. पाण्याचा वास, खालून डोंग्यातल्या कुणाची तरी हाक, वर थेट आभाळ. पुलापलीकडे धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या, रचून ठेवलेल्या पेंढ्यांच्या पुंजण्यांचा वास, आणि डोक्यावरून बगळ्यांची रांग — मान वर केली तर अख्खी रांग! गाडीत बसून!

हे मोठ्याने विचारतात, "कसं वाटते?" वाऱ्यात ओरडावं लागतं. मी ओरडले, "थंडी वाजते!"

तेही खरंच होतं.

११ डिसेंबर

आज एकटी शाळेत गेले. एकटी! शेजारी कुणी नाही, खुशबू नाही, कुणी नाही. मोहाडीपर्यंत मी स्वतःशीच बोलत होते — आता ब्रेक, आता तिसरा, शाब्बास सत्यभामा. पुढे ट्रॅक्टर आला, ट्रॉलीभर धानाचं तणस लादलेलं. ओव्हरटेक केला! हॉर्न देऊन, नीट बघून, केला!

शाळेच्या फाटकातून आत घेतली तर पोरं प्रार्थना सोडून धावली. "मॅडमनं आणली! मॅडमनंच आणली!" आयुष्यभर एसटीची वाट बघितली मी. थांब्यावर उभी, पर्स छातीशी, जागा मिळेल का, उभं राहावं लागेल का. आज सुटल्यावर दहा मिनिटं उगीच वर्गात बसून राहिले. घाई नव्हती म्हणून. माझी गाडी माझ्याशिवाय जाणार नव्हती!

१८ डिसेंबर

बिघडलं.

सकाळी हे तयार होऊन बसलेले, दाढी करून. "चल, आजपासून मी तुले शाळेत नेतो. उघड्या गाडीतून. परत आणालेबी येतो." मी म्हटलं, अहो, माझी आहे ना. तर एकदम आवाज चढला. "साऱ्या दुनियेले नेलं मी. गोंदियाले, चंद्रपूरले, पुण्याले. तुले कधी नेलं का? आता नेतो म्हणतो तं तू तयार नाही!"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आता मले कोणी न्याचं नाही. मी जाते ना!"

गाडी चालवताना रडू आलं. खरं म्हणजे दोघांचंही बरोबर आहे. यांच्या मुक्कामी गाड्या — आज तुमसर, उद्या कुठे. मी आणि रुचिता घरात. तिला ताप आला की ऑटोवाल्याचं दार मीच वाजवायचे. वाईट नव्हते हे. नव्हतेच, एवढंच. मग मला सवय झाली. आता हे कायमचे घरी आलेत, आणि मला नेऊ बघतात. आणि मला तर आत्ता कुठे जाता येऊ लागलंय.

२० डिसेंबर

हूं.

२१ डिसेंबर

हूं.

२८ डिसेंबर

रुचिताचा पुण्याहून फोन. दोघांशी वेगवेगळं बोलली, मग स्पीकरवर ठेवायला लावलं. "तुम्ही दोघं लहान पोट्ट्यांसारखे काहून करून राहिले? अकरा तारखेले भावनामावशीच्या नव्या घराची बुद्धवंदना आहे ना कोंढ्याले? दोघंही आपापली गाडी काढा. तिथं पोहोचून ठरवा कोणाची चांगली!"

हे म्हणाले, "मी एकटा पोहोचीन तिच्या आधी."

मी म्हटलं, बघू!

११ जानेवारी, रविवार

काय दिवस! कुठून सुरू करू?

सकाळी दोन्ही गाड्या फाटकाबाहेर. यांचं छप्पर खाली — कडाक्याच्या थंडीत! — कानटोपी, मफलर, डोळ्यांवर काळा चष्मा. मी आत हीटर लावून, पांढरी साडी, चुणी न पडता. एकमेकांकडे पाहिलं नाही. निघालो. पवनी रोडला लागलो तसे हे सुसाट. लाल ठिपका होऊन गेले. मी आपली माझ्या चालीने. दोन्हीकडे बांध्यांत लाखोरीचं पीक फुललेलं, निळं निळं. काच थोडी खाली केली. वास यावा म्हणून. (हे यांना सांगणार नाही.)

पहेल्याच्या पुढे पाहते तर लाल गाडी रस्त्याच्या कडेला, नाक पुढे पडलेलं, आणि त्यातून वाफा!

मला वाटलं — हॉर्न वाजवून पुढे जावं. देवाशप्पथ — म्हणजे आपली नुसतीच शप्पथ — वाटलं! गेलेही थोडी पुढे. आरशात हे दिसले. कंबरेवर हात ठेवून उभे, कानटोपी काढलेली. रिव्हर्स घेतली. सरळ रेषेत, एका दमात, थेट त्यांच्यापर्यंत.

"तू जा. गाडी थंडी झाली की येतो मी." "पाणी आहे?" "...नाही." माझ्या डिकीत दोन बाटल्या. लगेच ओतायचं नसतं, इंजिन निवू द्यायचं असतं. म्हणून दोघं बांधीच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर बसलो. मी भावनासाठी नेत असलेल्या डब्यातले तिळाचे लाडू काढले. आम्ही असं दोघंच कुठे बसलो होतो शेवटचं, मला आठवेना.

लाडू खाता खाता, माझ्याकडे न बघता हे म्हणाले, "रिव्हर्स चांगला घेतला. गिअर टाकते तं आवाज नाही येत तुझा. आमच्या डेपोत नवीन पोरं येत, वर्ष वर्ष खडखड करत."

एसटीच्या ड्रायव्हरने म्हटलं हे! मला! माझे कान गरम झाले. मी म्हटलं, लाडू घ्या अजून एक.

कोंढ्याला बरोबरच पोहोचलो, मी पुढे, हे मागे. वंदना झाली, जेवणं झाली — वांग्याची भाजी, भात, बुंदी — आणि मग अख्खं गाव यांच्या गाडीभोवती. माझ्या मोरपंखीच्या टपावर कुणीतरी पत्रावळींचा गठ्ठा ठेवला! मग आल्या आमच्या गुलाबआत्या. ऐंशीच्या घरात, काठी टेकत. "बंद गाडीत मले मळमळते. याच्यात बसवा." यांनी कौतुकाने बसवलं, गावाला चक्कर मारून आणली. उतरायच्या ऐवजी आत्या म्हणाल्या, "अंकुशराव, हे तं एसटीच झाली! लाल ते लाल, अन् चालबी तेच. तुमची चालवून झाली, आता सत्यभामेले चालवू द्या."

सगळे हसले. मला वाटलं, आता हे चिडतील. हेही हसले! कंबर धरून गाडीतून उतरले, बाहेर वाकूनच उभे — थंडीने आखडली होती — आणि चावी माझ्यासमोर धरली. "घे. घरापर्यंत. मी तुझा तो मोरपंखी डबा आणतो."

आत्यांना भंडाऱ्याला लेकीकडे जायचंच होतं. त्या उतरल्याच नाहीत.

देवा रे — परत तेच — काय लिहू! स्टिअरिंग म्हणजे जातं. ब्रेक दाबायचा आणि तिच्या मनात येईपर्यंत वाट बघायची. पहिला गिअर गाडी पुरती थांबल्याशिवाय पडतच नाही. अड्याळपर्यंत माझे दंड भरून आले. पण ती बोलते! प्रत्येक खड्डा सांगते, प्रत्येक चढ सांगते. इंजिन कधी खूश आहे, कधी कुरकुरतंय, पायाला कळतं. पदर उडाला, खोचला. अंबाडा सुटला, सुटू दिला. शेतातल्या बाया उभ्या राहून हात करत होत्या. मी हात करायचे तर स्टिअरिंग सुटायचं, मग आत्या दोघींच्या वतीने काठी हलवायच्या! "जोरात घे ना वं! भेते का?" मी ओरडले — नुसतीच ओरडले, शब्द नाही, काही नाही. पंचावन्न वर्षांची शिक्षिका. रस्त्यात. मोकळे केस.

आत्यांना लेकीकडे सोडून घरी आले तर हे माझ्या आधी पोहोचलेले! आणि गाडीतून उतरेनात. मला वाटलं, कंबर. जाऊन बघते तर मागचा कॅमेरा लावून गाडी पुढे-मागे, पुढे-मागे. "हे पाय ना! कवडूची कोंबडी दिसते याच्यात!" मग जरा खजील होऊन, "सीट मोठी चांगली आहे वो. कंबरेले धरते."

१२ जानेवारी

हात वर जात नाही. फळ्यावर तारीखसुद्धा पोरीकडून लिहून घेतली. कुणाची गाडी चांगली ते ठरवायचं राहूनच गेलं!

२२ जानेवारी

आज शाळेत लाल गाडी नेली. मीच. छप्पर खाली. पोरं आज प्रार्थनेला आलीच नाहीत.

हे मोरपंखी घेऊन सिलिंडर आणायला गेले, तिथून दळण, तिथून कवडूभाऊंच्या आईला दवाखान्यात. संध्याकाळी दोघं अंगणात. हे सांगत होते, एसीत चालवताना पेंग कशी येत नाही. मी सांगत होते, चोक किती ओढला की ती खोकत नाही. एकमेकांची वाक्यं तोडत! मध्येच लक्षात आलं, दिवा लावायचा राहिला.

९ फेब्रुवारी

आदेश आला! पदोन्नती. केंद्रप्रमुख! नाव तीन वेळा वाचलं, माझंच. पण जागा — लाखांदूर. जिल्ह्याचं पार दुसरं टोक. तिथेच राहावं लागेल. आनंदाने पाय जमिनीवर नाहीत. हे स्कूटर घेऊन बाजारात गेलेत. कसं सांगू? आत्ताच तर कुठे बोलायला लागलो.

१० फेब्रुवारी

सांगितलं. शनिवारी येत जाईन म्हटलं. हे म्हणाले, "अन् मी काय करू इथी? दोन्ही गाड्या नेऊ. तू शाळा पाहाले जा, मी सयपाक करतो." तुम्ही? "मुक्कामी गाडीवर काय उपाशी झोपत होतो? वरण करतो, भाकर करतो, सारं करतो." आणि उठून केलं. मी ताट पुढ्यात घेऊन बसले. माझ्यापेक्षा चांगलं होतं!